बुंदीची बादली आणि जावयाचा कान

खापा
३ फेब्रुवारी २०२५

विसरभोळ्या साहिल,

तू तीन वर्षांचा होता तवा कोणत्या आत्यानं कोणत्या रंगाचं लुगडं नेसलं होतं, ते तुले आठवते. घरातला कोणता पंखा कसा कुरकुरे, तेही आठवते. एक आजीच तेवढी आठवत नाही. पोळ्यापासून तुहं पत्र नाही. मी मेली असं धरून चालला असशीन तं चूक हाय. मेली असती तं पहिलं पत्र तुलेच टाकलं असतं.

तुहा बाप म्हणते, पत्र कायले, फोन करा. पण फोनवर तू ‘हॅलो’ म्हणून जो थांबतो, तेवढ्यात म्हैस पाणी पिऊन परत येते. मंग दोघंही एकदमच बोलतो, दोघंही एकदमच चूप होतो. त्याच्यापेक्षा कागद बरा. मी बोलते, भैय्याजी मास्तर लिहिते. रिटायर झाल्यापासून त्यांच्याजवळ वर्ग नाही, मग मीच त्यांचा वर्ग. त्यांनी वर ‘चिरंजीव साहिल यास’ असं काही लिहून ठेवलं होतं, ते मी खोडाले लावलं. बजावलं हाय, जसं बोलते तसं लिहा, सुधारू नका.

बातमी अशी का तुह्या बहिणीचं, कामिनीचं जमलं. रामटेकचा पोरगा, नाव जितेंद्र, कृषी केंद्राचं दुकान हाय, दात सरळ हायेत. साक्षगंध, मास्तरच्या भाषेत साखरपुडा, दोन मार्चले आपल्याच अंगणात.

आता दुसरी बातमी, जे मी सांगतली असं सांगू नको. तुहा बाप म्हणते, साहिलले बोलवू नका, परीक्षा हाय म्हणून सांगू. त्याचं म्हणणं, मागच्या साली वास्तूले मामीनं विचारलं शिरा कसा झाला, अन् तू सांगतलं, खाली लागला. बँड वाजला तं खाटेखाली जाऊन बसला. सोयऱ्यायच्या पुढं असं काही झालं तं पोरीचं मोडीन. अन् लग्नात जावयाचा कान पिळाचा मानही काकाच्या धर्मेंद्रले द्याचं ठरवून राहिला. तुहा बाप वाईट नाही, घाबरट हाय.

मले पटलं नाही. तुले पटलं का, ते कळव.

मले काही पाठवू नको बाप्पा. इथं सगळं हाय. संत्राबर्फी तं अजिबातच नको.

तुही आजी, सुभद्रा
(खालचा अंगठा माहाच हाय. हळद कांडून राहिली होती म्हणून पिवळा.)


नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र मिळालं. मी तुला विसरलो नव्हतो. तुझ्या मागच्या पत्रात शेवटी ‘उत्तराची घाई नको’ असं होतं, म्हणून घाई केली नाही.

माझी परीक्षा जूनमध्ये आहे. बाबांनी मार्चमध्ये सांगितली तर ते चुकीचं होईल.

मामींनी शिरा कसा झाला असं विचारलं होतं. खाली लागला होता. त्यांना दुसरं काही विचारायचं असेल तर त्यांनी ते विचारायला हवं होतं.

माझी बातमी अशी. माझं पोट दुखत होतं म्हणून मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, किती दुखतं? मी म्हणालो, कशाच्या मानाने? असं बराच वेळ चाललं. मग त्यांनी मला दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या बाई होत्या. मी त्यांना म्हणालो, तुमची ट्यूबलाईट ओरडते आहे. त्यांनी उठून ती बंद केली. मला त्या लगेच आवडल्या. तीन वेळा बोलावून, पुष्कळ प्रश्न विचारून त्यांनी कागदावर लिहून दिलं की मला ऑटिझम आहे. तो आजार नाही, त्याला गोळी नाही, मी जन्मापासूनच असा आहे, असं त्यांनी सांगितलं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द मला पटला नाही. मी स्वतःत मग्न नसतो. ट्यूबलाईट, कुलर, शेजारच्याच्या चपला, भाजीचा वास, या सगळ्यांत मग्न असतो. स्वतःकडे बघायला वेळच मिळत नाही.

पोट खानावळीच्या वांग्यांमुळे दुखत होतं.

बाबांना मी फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, कामिनीचं लग्न होईपर्यंत कोणापाशी बोलू नको. पण मी पत्रात लिहितो आहे, बोलत नाही.

कानाबद्दल मला पटलं नाही. कामिनीचा भाऊ मी आहे. ती सातवीत असताना मला म्हणाली होती, माझ्या नवऱ्याचा कान तूच पिळायचा, जोरात. मी हो म्हणालो होतो. मला माणसांना हात लावायला आवडत नाही, पण कान त्यातल्या त्यात बरा. थंड असतो आणि आपणहून गळ्यात पडत नाही. मी नागसेनच्या कानावर सराव करतो आहे. तो माझ्या खोलीत राहतो, आयटीआयमध्ये कुलर-फ्रिजच्या वर्गात माझ्याच बाकावर बसतो. तो म्हणतो, प्रगती आहे, पण आता दुसरा कान घे.

मला दोन्ही कार्यांना यायचं आहे. पण तिथे सगळे बोलतात आणि मला कळत नाही की माझी पाळी कधी येते. काही उपाय असेल तर सांग.

मास्तरांना नमस्कार. त्यांना सांग की शाळेत ते मला वर्गाबाहेर उभं करत, ते मला फार आवडत असे. निंबाखाली शांत असायचं. मला पाढे येत होते, पण बाहेर जाता यावं म्हणून मी मुद्दाम चुकत होतो.

तू काही पाठवू नको म्हणालीस, म्हणून काही पाठवलं नाही.

तुझा
साहिल


खापा
१६ फेब्रुवारी २०२५

कान तयार करणाऱ्या साहिल,

तुहं पत्र मास्तरनं वाचून दाखवलं. निंबाचं वाचलं अन् चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, मी इतके वर्ष समजून राहिलो का मी शिक्षा करतो. मी म्हटलं, शिक्षा कायची, सवलत होती ते. (हे खरे आहे. मला वाईट वाटले. – भैय्याजी)

तुह्या त्या कागदाचं मी ऐकलं. स्वमग्न म्हणजे स्वतःत रमलेला, असं मास्तर सांगते. मग तुहा बाप सकाळपासून मोबाईलात रमलेला असते, त्याले कोणत्या डॉक्टरनं काय लिहून दिलं? तुहे आजोबा जेवताना भाजीले पोळी लागू देत नव्हते अन् पाहुणे आले का गोठ्यात जाऊन बैलाशी बोलत बसत. त्यायले आम्ही ‘गरीब स्वभाव’ म्हणत होतो. आता समजलं का त्यायचा कागद हरवला होता. तुहा सापडला, बरं झालं. नीट ठेव.

आता उपाय ऐक. पंगतीत वाढाचं काम घे. बादली हातात असलेल्या माणसाले कोणी विचारत नाही का पगार किती, लग्न कधी. कोणाच्या डोळ्यात पाहा लागत नाही, पत्रावळीत पाहिलं का झालं. गर्दीतून जा लागलं तं गर्दीच बाजूले सरते. साऱ्या कार्यात याच्यापेक्षा मोठी जागा नाही अन् याच्यापेक्षा एकांत नाही. तुले बुंदीची बादली ठेवली हाय. ते वाजत नाही, सांडत नाही, अन् पोळत नाही.

बोलायची पाळी विचारतो, तं ते सोपी हाय. माणसापुढं उभं राहाचं, ‘बुंदी?’ एवढंच म्हणाचं. हो म्हटलं तं वाढाचं. नको म्हटलं तं पुढं जाचं. याच्यात चुकाले काही जागाच नाही.

तुह्या बापाले मी सांगतलं, वाढाले एक माणूस कमी पडते, बाहेरचा आणतो का घरचा? त्यानं डोकं खाजवलं अन् म्हणाला, घरचा आणा, पण त्याले म्हणा, शिऱ्याबद्दल कोणी विचारलं तं माह्याकडं पाठव. म्हणून आम्ही शिराच रद्द केला.

कानाचं त्यानं अजून सोडलं नाही. म्हणते, साक्षगंध नीट पार पडू दे, मग पाहू. तवा नीट पार पाड.

बर्फी पाठवली नाही ते चांगलंच केलं. खर्च नको करत जाऊ. (हे सांगताना त्यांनी मोठा उसासा टाकला. – भैय्याजी) मास्तर, उसासे लिहू नका.

तुही आजी


नागपूर
५ मार्च २०२५

प्रिय आजी,

साक्षगंध अगदी नीट पार पडलं.

मी सगळ्यांना ‘बुंदी?’ असं विचारलं. कामिनीने आणि मांडीवरच्या लहान मुलांनी हो म्हटलं. त्यांना वाढली. रामटेकहून आलेल्या मोठ्या माणसांतल्या एकानेही हो म्हटलं नाही. म्हणून मी पुढे गेलो. मग माझ्या मागून भाजीवाला काका, वडे-भातवाला भाऊ यांनीही माझं पाहून तसंच केलं, कारण मी भराभर जात होतो आणि रांग मोडू नये असं त्यांना वाटलं. पंगत फार लवकर उठली. बुंदी जवळजवळ सगळी उरली. काही सांडलं नाही. कोणी माझ्याशी बोललं नाही. आजवरच्या कार्यांतलं हे मला सगळ्यात आवडलेलं कार्य आहे.

फक्त एक गोष्ट कळली नाही. नवऱ्या मुलाचे आजोबा बाबाराव यांच्यापुढे मी गेलो, ते नको म्हणाले आणि मी निघालो, तर त्यांनी मला परत बोलावलं. माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, पुन्हा विचार. मी विचारलं. ते म्हणाले, नको. मी निघालो. ते हसायला लागले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं मिरची लागली असेल, म्हणून मी मठ्ठा पाठवला.

परत येताना बाबा मला बसस्टँडवर सोडायला आले. बस निघताना एवढंच म्हणाले की कान धर्मेंद्रच पिळेल.

मी तुझ्या नियमात कुठे चुकलो? नागसेनचे दोन्ही कान आता दुखतात आणि तेही वाया जातील.

तुझा
साहिल


खापा
१४ मार्च २०२५

बाप्पा साहिल,

तू चुकला नाही. चूक माही हाय. पण ते चूक अशी हाय का दुनियेतल्या कोणत्या आजीच्या ध्यानात आली नसती. पाण्यात पडल्यावर ओलं होते, हे कोणी पोराले सांगते का?

ऐक. पंगतीत माणूस एकदम हो म्हणत नाही. हो म्हटलं तं लोक म्हणते, घरी जेवाले मिळत नाही वाटते. पहिल्यांदा नको म्हणते, तवा त्याले बुंदी पायजे राहते. दुसऱ्यांदा नको म्हणते, तवा लवकर पायजे राहते. तिसऱ्यांदा पत्रावळीवर आडवा हात धरते, पण बोटं फाकवून धरते, म्हणजे बुंदी फटीतून बरोबर खाली पडते. याले आग्रह म्हणते. आग्रह केला नाही तं पाहुण्याचा अपमान होते, अन् केला तं पोट बिघडते. आपल्या लोकायनं पोट बिघडवणं पसंत केलं हाय.

आता पंगत उठल्यावर काय झालं ते. सोयरे हसतमुखानं उठले, हात धुतले, सुपारी घेतली, गाडीत बसले. धर्मेंद्र कामानं पारशिवनीले गेल्ता. त्यानं पाहिलं, तिथल्या स्टँडवर दोन्ही गाड्या उभ्या अन् रामटेकची सारी मंडळी आलूबोंड्याच्या ठेल्यावर तुटून पडलेली. पोराचा मामा तं दोन्ही हातात आलूबोंडे धरून होता, अन् त्याची बोटं मुळीच फाकलेली नव्हती. घरी येऊन धर्मेंद्रनं सांगतलं. तुही माय रडाले लागली. तुहा बाप पोत्यावर बसून राहिला, म्हणे, मोडलं. उरलेली बुंदी आम्ही तीन दिवस खाल्ली, आग्रह न करता.

मग परवा बाबाराव आले. एकटेच, एसटीनं. तुह्या बापाचा चेहरा असा झाला का गरम तव्यावर बसला. त्याले वाटलं, नारळ परत कराले आले. म्हातारा बसला, पाणी प्याला, अन् मले म्हणाला, “बाई, माही शुगर डॉक्टरले ऐकू येते, मशीनले ऐकू येते, पंगतीले ऐकू येत नाही. नको म्हणून म्हणून माहा गळा बसला. तुमच्या पोट्ट्याले एका दमात ऐकू आलं. कुठं हाय तो?”

नागपुरले हाय म्हटलं. मग म्हणाला, लग्नात माह्या पंगतीले तोच पायजे. दुसरा कोणी बादली घेऊन आला तं मी उठून जाईन.

तुहा बाप हो हो म्हणाला. बुंदी तुहीच. पण कानाचं विचारलं तं म्हणते, बादली येगळी, कान येगळा. चार लोक पाहते, बोहोल्यावर काही भलतं झालं तं? भीती काही एसटीनं येऊन एसटीनं परत जात नाही, गा.

मले काही पाठवू नको. बर्फी तं नकोच. आता बुंदीनंच तोंड गोड हाय.

तुही आजी


नागपूर
२० मार्च २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि मग गच्चीवर कुलरजवळ जाऊन बसलो.

मला एक गोष्ट कळली. लहानपणी आत्या गालाचे मुके घेत, तेव्हा मी नको म्हणत असे. दाढीवाल्या न्हाव्याकडे केस कापायला नको म्हणत असे, त्याचं मशीन मला कानात शिरल्यासारखं वाटे. गॅदरिंगच्या नाचात नको म्हणालो होतो, तरी मला मोर केलं. दवाखान्यात सुईला नको म्हणालो, तेव्हा सगळे हसून म्हणाले, लाजतो आहे. मला वाटायचं माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून मी मोठ्याने नको म्हणायला लागलो. मग खाटेखाली जायला लागलो.

म्हणजे मी इतकी वर्षं नको म्हणालो, तेव्हा लोकांना वाटलं मी बुंदी मागतो आहे.

मी रागावलो नाही. कारण कळलं, हे बरं झालं. पण मला आग्रह करता येणार नाही. कुठल्या नकोनंतर थांबायचं हे मला बोटांवरून कळणार नाही. बाबांना सांग, मी बादली घेईन, पण मी एकदाच विचारीन. आणि कान धर्मेंद्रला द्यायचा असेल तर देऊ दे, पण त्यांनी आधी मला विचारावं. मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, नको, आणि ते खरं नको होतं.

आता एक प्रश्न. तू दर पत्रात संत्राबर्फी नको म्हणतेस. ते कोणतं नको आहे? स्पष्ट लिही.

तुझा
साहिल


खापा
१३ मे २०२५

कानपिळ्या साहिल,

लग्न झालं अन् तू रात्रीच्याच गाडीनं गेला. तुले वाटलं, सारं तू पाहिलं. तू कुलरच्या मागं बसून होता, म्हणून अर्धं तुले माहीतच नाही. ते सांगते.

पहिली गोष्ट मार्चातली. तुहं ते पत्र आलं तवा मास्तर वाचून राहिले होते अन् तुहा बाप बाजेवर पडून ऐकत नसल्यासारखा ऐकून राहिला होता. बुंदीची ओळ आली. तुहा बाप उठला, गोठ्यात गेला अन् लय वेळ बैलाजवळ उभा राहिला, अगदी त्याच्या बापासारखा. सकाळी उठून धर्मेंद्रकडं गेला. मले काही सांगतलं नाही, पण धर्मेंद्रनं कानाच्या मानासाठी शिवलेला कोट परत केला, त्याच्यावरून समजलं.

लग्नाच्या दिवशी तो तुह्याजवळ फेटा घेऊन आला होता, आठवते ना? मी दारात होती. त्यानं विचारलं, बांधू का? तू म्हटलं, नको, टोचते. त्यानं फेटा काखेत घातला अन् गेला. पुढं मांडवात तो काखेत फेटा घेऊनच फिरून राहिला होता. साऱ्यायनं विचारलं, बापूजी, हे काय? तो म्हणे, साहिलचा हाय. साहिलले नको हाय. असं सांगताना त्याची छाती पाहाची होती. जसं काही तुनं नको म्हणून मेडलच आणलं.

मग कान. तू बोहोल्याजवळ आला, कानात कापूस घालून, अन् जावयाले विचारलं, “पिळू का?” आजपर्यंत कोणत्या साळ्यानं कोणत्या जावयाले विचारलं हाय? जितेंद्रचे दोस्त मागं उभे. त्यानं हात जोडले, तोंड वाकडं केलं, म्हणाला, “नको गा साळेभाऊ, दया कर.” तू म्हटलं, बरं. हात खिशात घातला अन् जाऊन कुलरच्या मागं बसला.

आता तुले न दिसलेलं ऐक. भटजी अक्षता घेऊन तसेच उभे. धर्मेंद्र उठाले लागला, तं बाबारावनं पहिल्या रांगेतून काठी आडवी घातली अन् खाली बसवलं. तुह्या बापाले वाटलं, हेच ते भलतं. पण तो जागचा हलला नाही. फेटा घट्ट धरून उभा. कामिनीनं मुंडावळ्या बाजूले केल्या अन् नवऱ्याकडं पाहून म्हणाली, “त्याले नको म्हटलं तं तो पिळत नसते. पायजे असन तं मागा.”

जितेंद्रनं दोस्तायकडं पाहिलं. दोस्तायनं जमिनीकडं पाहिलं. मग बिचारा बोहोल्यावरूनच वाकून कुलरकडं तोंड करून म्हणाला, “साहिल, माहा कान पिळ. मले पायजे हाय.” तू आला अन् विचारलं, किती जोरात? तो काही बोलाच्या पहिले कामिनी म्हणाली, जोरात.

त्या नागसेनले माहा आशीर्वाद सांग. त्याचे कान वाया गेले नाही. जावयाचा कान वरातीपर्यंत टमाटरासारखा होता अन् तो साऱ्यायले दाखवत फिरे, पाहा, मागून घेतला.

पंगत तं तू पाहिलीच. पण तू येण्याच्या पहिले बाबाराव रांगेतून ओरडून सांगत गेला का हा पोट्टा एकदाच विचारते, अन् पारशिवनीचा ठेला आज बंद हाय. मग काय. आयुष्यात तोंडानं हो न म्हटलेल्या बाया ‘वाढ गा, अजून वाढ’ म्हणू लागल्या. मामानं तं हातच उलटा करून पुढं केला. बुंदी अर्ध्या पंगतीतच संपली. तुहा बाप फेटा काखेत घेऊनच बाजारात पळाला. साक्षगंधाले उरली म्हणून पोत्यावर बसला, लग्नाले संपली म्हणून धावला. पण बसताना त्याचं तोंड पडलं होतं, अन् धावताना तो हसून राहिला होता.

आता तुह्या प्रश्नाचं उत्तर. मास्तर, हे नीट लिहा, मोठ्या अक्षरात. मी संत्राबर्फी नको म्हटलं, ते सारं खोटं. पोळ्यापासून मी वाट पाहून राहिली अन् तू दर वेळी खरंच पाठवली नाही, अन् मी दर वेळी आणखी जोरानं नको म्हणून राहिली. तू खाटेखाली गेला, मी उसाशाखाली गेली.

तवा ऐक. संत्राबर्फी पाठव. अर्धा किलो. ताजी, नरम, वर्ख नसलेली, वर्ख टाळूले चिकटते. डब्यावर माहं नाव टाक, बापाचं नाही. मास्तरले विचारलं, ते नको म्हणते, तं त्यायच्यासाठी पाठवू नको.

तुही आजी

(साहिल, पाव किलो वेगळी बांध. मला हवी आहे. – भैय्याजी)